मंगळवारच्या शिव्या

सर कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी संडास बघत. वापरायला नव्हे, बघायला. डब्लिनमधल्या ब्युमॉन्टला आमच्या भाड्याच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी बूट काढले, कोट माझ्या नवऱ्याच्या हातात दिला आणि ते सरळ जिना चढून वर गेले. वरून टाकीचं झाकण सरकवल्याचा आवाज आला, मग फ्लश, मग पुन्हा फ्लश. आमच्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते ती डब्लिनच्या इंग्रजीत. ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मॅम, युअर मॅन इज इन द जॅक्स." जॅक्स म्हणजे इथल्या बोलीत संडास, आणि युअर मॅन म्हणजे नाव न घेताही सगळ्यांना कळावा असा कुणी बाबा. सर हात पुसत खाली आले आणि म्हणाले, "आतला फ्लोट चुकीचा बसवलाय. दर फ्लशला तांब्याभर पाणी फुकट चाललंय. घरमालकाला सांग. आणि माझ्या चहात साखर नको."

हे माझे साहेब. एका मदतसंस्थेच्या डब्लिनमधल्या मुख्य कचेरीत ते पाणी आणि स्वच्छता विभागाचे प्रमुख होते. सोप्या मराठीत सांगायचं तर जगात जिथे जिथे माणसं एकमेकांवर गोळ्या झाडत होती, तिथे तिथे नळ आणि संडास चालू ठेवणं हे त्यांचं काम. माणूस मूळचा सोलापूरचा. ज्या गावात नळाला पाणी येणार म्हटलं की लग्नाची तारीख मागेपुढे करतात तिथे वाढलेला, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत विनोद म्हणून त्यांना कळत नसे. सरकारी पाणीपुरवठा खात्यात वरिष्ठांशी भांडून राजीनामा दिला, मग परदेशात एका युद्धातून दुसऱ्या युद्धात बदल्या घेतल्या आणि शेवटी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, डब्लिनच्या कडेच्या टॅलाच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून आयर्लंडला स्थिर झाले. स्थिर म्हणजे पत्ता स्थिर. तोंड कधीच स्थिर झालं नाही.

मी २०१४ साली त्यांच्या हाताखाली रुजू झाले. पहिल्याच दिवशी ऑफिसच्या किटलीत मी भरपूर पाणी भरलं. सर मागे उभे होते. "गावजेवण आहे का?" त्यांनी विचारलं. ते स्वतः आधी कपात पाणी घेत, मग ते किटलीत ओतत, मग उकळत. त्यांच्या कपात कधी एक थेंब कमी पडला नाही आणि किटलीत कधी एक थेंब उरला नाही. ऑफिसातली आयरिश मंडळी कमालीची सभ्य. ती या प्रकाराकडे पाहून हसत आणि "ग्रँड" म्हणत. ग्रँड हा शब्द इथे सगळ्याला चालतो. हवा कशी आहे, ग्रँड. पाय मोडलाय, ग्रँड. सरांचा या शब्दावर फार राग. कुणी फोनवर "छावणीतलं क्लोरीन ग्रँड आहे" असं सांगितलं की ते ओरडत, "ग्रँड म्हणजे लिटरला किती मिलिग्रॅम?"

शिव्या द्यायच्या असल्या की ते सोलापूरचा आसरा घेत. "काय बे", "का बे", "हे काय बे लावलंय". ऑफिसातल्या आणि फोनवरच्या सगळ्या पुरुष इंजिनिअरांना हे मिळे. मला मात्र कधी नाही. बायकांना बे म्हणत नसावेत, हा त्यांचा एकमेव शिष्टाचार, असं मी बरेच दिवस समजत होते. एकदा विचारलंच. तर म्हणाले, "बे फक्त इंजिनिअरला."

"मीही इंजिनिअर आहे, सर. पुण्यातून पदवी घेतली आहे."

"तू रिपोर्टवाली आहेस. पाना हातात धरलास की बघू."

मला इतका संताप आला की त्या दिवसाचा रिपोर्ट मी दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा त्यांचं नाव गाळलं.

त्या वर्षी आयर्लंडमध्ये पाण्याचे मीटर बसत होते आणि लोक रस्त्यावर उतरले होते. पाणी आकाशातून फुकट पडतं, त्याचे पैसे कसले, असा त्यांचा सवाल. टॅलाला सरांच्याच गल्लीत मीटरवाले खड्डा खणत होते आणि समोर मंडळी फलक घेऊन उभी होती. पाऊस पडत होताच. मी फाइल द्यायला गेले होते, तेव्हा सर छत्री न घेता दोघांच्या मधोमध उभे. आधी ते फलकवाल्यांना म्हणाले, पाणी फुकट मागणाऱ्याने एक महिना सोलापुरात राहून यावं. फलकवाले खवळले. मग ते वळून मीटरवाल्यांना म्हणाले, मीटर उलटा बसवताय, बाण बघा, शाळेत गेला होतात का? मीटरवालेही खवळले. पाचएक मिनिटांत अशी वेळ आली की फलक आणि फावडी एकाच बाजूला झाली आणि सगळे मिळून सरांना घरी जायला सांगू लागले. सर घरात आले, डोकं पुसलं आणि मला म्हणाले, "बघ, किती एकोपा आहे." मी त्याला विनोद समजले. त्यांना विनोद कळत नाही, हे तेव्हा विसरले होते.

मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना बोलवायचं की नाही यावर दरवर्षी कमिटीत चर्चा होई. एका वर्षी हॉलमध्ये बायकांच्या संडासासमोर आरतीपेक्षा मोठी रांग लागली होती. सरांनी ती पाहिली, पुरुषांच्या दारावरचा फलक उलटा केला, त्यावर मार्करने "बायका" असं लिहिलं आणि दारात खुर्ची टाकून बसले. मंडळाचे उपाध्यक्ष, एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतले गृहस्थ, धोतर सावरत आले. सर म्हणाले, "तुम्ही थांबा. छावणीत सुद्धा बायकांना जास्त देतात, तुम्ही कोण?" उपाध्यक्ष थांबले. पुढची दोन वर्षं सरांना निमंत्रण गेलं नाही, आणि हॉल मात्र मोठ्या संडासांचा घेतला गेला.

पण सरांचं खरं रूप मंगळवारी दिसे.

आमचा सगळ्यात मोठा कार्यक्रम होता एका दूरच्या शहरात. नाव घेत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच राहतात. शहराच्या मधोमध युद्धाची रेषा गेली होती. पाणी उपसणारं पंपिंग स्टेशन रेषेच्या अलीकडे आणि त्याला वीज देणारं सबस्टेशन पलीकडे. पलीकडच्यांनी वीज तोडली की अलीकडचे पंप बंद. अलीकडच्यांनी व्हॉल्व्ह आवळला की पलीकडचे नळ कोरडे. दोघांनी मिळून दिलं तरच दोघांना पाणी. दोन्ही बाजूंना एकेक इंजिनिअर होता. आम्ही ऑफिसात त्यांना अलीकडचा आणि पलीकडचा म्हणत असू. दोघं पूर्वी एकाच कचेरीत शेजारी शेजारी बसत, एकमेकांच्या लग्नात नाचलेले. युद्ध सुरू झाल्यापासून मात्र एक अक्षर बोलत नव्हते. एका कॉलवर यायलाही तयार नसत. म्हणून मंगळवारी सकाळी आधी अलीकडचा, मग आमचा चहा, मग पलीकडचा.

त्या देशाच्या भाषेत सरांना दोनच गोष्टी येत: पाइपच्या सुट्या भागांची नावं आणि शिव्या. उरलेलं इंग्रजीत, आणि फारच झालं तर सोलापुरीत. "व्हॉल्व्ह उघडायला मुहूर्त काढतोस का बे?" हे अलीकडच्याला. "वीज काय तुझ्या सासऱ्याची आहे का बे?" हे पलीकडच्याला. दोघांना ते समान तोलून देत, एकालाही कमी नाही. कॉल संपला की मी इतिवृत्तात लिही, "चर्चा मोकळ्या वातावरणात झाली." डायरेक्टरबाई ते वाचून ग्रँड म्हणत.

त्या डायरेक्टरबाईंविषयी सांगायला हवं. बाई गोड होत्या. कुणाचंही म्हणणं त्या मान तिरकी करून ऐकत. त्यांच्या खोलीत नळाखाली हसणाऱ्या मुलांचे मोठमोठे फोटो होते. सर एकदा एका फोटोपुढे थांबून म्हणाले होते, "नळाखाली निचरा नाही. महिन्याभरात इथे डास होणार." बाईंनी फोटो काढला नाही, सरांना खोलीत बोलावणं मात्र कमी केलं. संवाद, सन्मान, सहभाग, असे त्यांचे शब्द होते आणि त्यांचं एक सुंदर छापलेलं धोरणही होतं. त्या धोरणाचा आणि मंगळवारचा संबंध एवढाच की दोन्ही एकाच इमारतीत घडत.

२०१७च्या उन्हाळ्यात त्या शहराची मुख्य पाइपलाइन फुटली. तोफगोळा पडला तो नेमका रेषेवर. दुरुस्ती करायची तर दोन्हीकडच्या माणसांनी एकाच वेळी, दोन्ही टोकांनी काम करायला हवं, आणि तेवढे तास दोन्हीकडून गोळीबार थांबायला हवा. अलीकडचा म्हणे, आधी त्याने माणसं पाठवावीत. पलीकडचा म्हणे, आधी त्याने. आठवड्यामागून आठवडे गेले. आमचे टँकर घराला जेमतेम घागरभर पाणी देत होते. लोक नदीवर जाऊ लागले आणि नदीत काय काय वाहत होतं ते आम्हाला माहीत होतं. मग हगवण सुरू झाली. रोज दुपारी हॉस्पिटलमधले आकडे येत आणि त्यात लहान मुलांचा रकाना वेगळा असे. सर तो रकाना वाचत. त्या दिवसांत त्यांनी किटलीतल्या पाण्यावरूनसुद्धा कुणाला टोकलं नाही. मला त्यांची तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

डायरेक्टरबाईंनी सुचवलं की दोन्ही इंजिनिअरांसाठी विश्वासनिर्मितीची एक ऑनलाइन कार्यशाळा घ्यावी. दोघांनीही नकार कळवला. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

मग तो मंगळवार आला. पडद्यावर अलीकडचा होता. सरांनी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली. "मी ठरवलंय, पाइप दुरुस्त करायचा नाही. तुमचं पंपिंग स्टेशन मुळातच भंगार आहे. ज्याने कुणी बांधलं, त्याला नळाची तोटी बदलता येत नसणार. आम्ही कायमचे टँकर लावतो. तुम्ही त्या स्टेशनात कोंबड्या पाळा."

नेहमी अलीकडचा सरांना उलट शिव्या देई, तो त्यांचा रिवाज होता. आज त्याने नुसतं मागे वळून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर एका मिशीवाल्या म्हाताऱ्याचा फोटो होता. मग त्याने कॉल तोडला.

आम्ही चहा घेतला. सरांनी कपात पाणी मोजलं, किटलीत ओतलं. मी म्हटलं, "सर, हे जरा जास्त झालं." ते म्हणाले, "चहा?"

मग पलीकडचा. तेच वाक्य, तीच तोटी, त्याच कोंबड्या. पलीकडचा खुर्चीवरून उठला, लाल झाला, आणि तो उठला तेव्हा त्याच्या मागची भिंत दिसली. तिथेही तोच मिशीवाला म्हातारा. इतके मंगळवार तो फोटो माझ्या समोर होता आणि मी कधी नीट पाहिला नव्हता. नंतर मी चौकशी केली. ते पंपिंग स्टेशन ज्याने बांधलं आणि या दोघांना हाताला धरून काम शिकवलं, तो त्यांचा थोरला साहेब. युद्धाच्या आधीच वारला होता. दोघांनी मिळून त्याला खांदा दिला होता.

त्याच आठवड्यात डायरेक्टरबाईंनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा फुलला होता. अलीकडचा आणि पलीकडचा त्यांच्याशी बोलले होते. एकाच कॉलवर, एकाच वेळी, दोघंही. "इट वॉज हिस्टॉरिक," बाई म्हणाल्या. दोघांची मागणी एकच होती: त्या माणसाला काढा. आमच्या साहेबांविषयी असं बोलणाऱ्याचं तोंड आम्हाला पुन्हा बघायचं नाही. आणि स्टेशन भंगार आहे की नाही ते आम्ही दाखवून देतो. एवढं सांगून दोघं आपापसांत त्यांच्या भाषेत बोलू लागले. आवाज चढले. बाईंना वाटलं आता फिसकटलं. त्यांनी मला कॉलचं रेकॉर्डिंग ऐकवलं. मला त्या भाषेतलं फार कळत नाही, पण सरांच्या संगतीत सुट्या भागांची नावं कानावर पडलेली. दोघं जोडणीच्या कड्याच्या मापावरून भांडत होते, आणि मग तारखेवरून, आणि मग कुठल्या टोकाने आधी खणायचं यावरून. मला रडू आलं. बाईंना वाटलं, मला सरांबद्दल वाईट वाटतंय.

पाइप दुरुस्त झाला. दोघांनी आपापल्या सैन्याकडून मागून घेतलेले तास गोळीबार थांबला, दोन्हीकडची माणसं एकाच खड्ड्यात उतरली, आणि नळांना पाणी आलं. हॉस्पिटलच्या यादीतला लहान मुलांचा रकाना हळूहळू रिकामा होत गेला. संस्थेच्या वार्षिक अहवालात यावर एक पान आलं. त्याचं शीर्षक होतं "संवादाचा विजय". वर डायरेक्टरबाईंचा फोटो, खाली नळाखाली हसणारं मूल. सरांचं नाव कुठेच नव्हतं, कारण तोवर त्यांना काढलं होतं.

काढलं असं कुणी म्हणत नव्हतं. सन्मानपूर्ण संभाषणाच्या नियमांत ते बसत नसल्यामुळे परस्परसंमतीने वेगळे होत आहोत, असं ठरलं होतं. निरोपाला केक होता आणि एक मोठं कार्ड, ज्यावर सगळ्यांनी "तुमच्याबरोबर काम करणं ग्रँड होतं" असं लिहिलं. सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सर उभे राहिले. "पुरुषांच्या बाथरूममधला दुसरा नळ गळतो आहे," ते म्हणाले. "मी आलो तेव्हाही गळत होता." आणि बसले. टाळ्या वाजल्या. सभ्य माणसं कशालाही टाळ्या वाजवतात.

मी पुढच्या शनिवारी टॅलाला गेले. सर परसात पावसाचं पाणी साठवायच्या पिंपाला तोटी बसवत होते. काकूंनी मला आत घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "अगं, घरातल्या एकाही नळाबद्दल बोलले नाहीत आठवडाभर. डॉक्टरला दाखवू का?" मी परसात गेले आणि सरळच विचारलं, "सर, तुम्ही ते मुद्दाम बोललात ना? त्यांच्या साहेबांबद्दल?"

"मुद्दाम काय त्यात? डिझाइन भिकारच आहे."

"आणि ते फोटो? दोघांच्या भिंतीवरचे?"

"कसले फोटो?" असं म्हणून ते पिंपाकडे वळले. दोन्ही कचेऱ्यांत ते स्वतः अनेकदा जाऊन बसले होते, त्या फोटोखाली चहा पिऊन आले होते. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिले. या माणसाने आपली नोकरी समजून-उमजून फेकली की नुसता स्वभाव नडला, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांची नोकरी गेली याचं मला मनापासून वाईट वाटलं आणि ते मला कधीच खरं सांगणार नाहीत याचा मनापासून राग आला.

त्यांची खुर्ची मला मिळाली. मंगळवारही मिळाला. आता दोघं एकाच कॉलवर येत आणि मी दोघांशी धोरणाप्रमाणे बोले. मागच्या आठवड्याचे आभार, पुढच्या आठवड्याची आशा, दोघांच्या बायकापोरांची चौकशी. वर्षभर ठीक चाललं. पुढच्या हिवाळ्यात अलीकडच्याने व्हॉल्व्ह थोडा आवळला. पलीकडच्याने वीज थोडी कमी केली. कॉलवर दोघं माझ्याशी फार गोड बोलत आणि एकमेकांशी बोलेनासे झाले. पलीकडच्या भागात वरच्या मजल्यांवर पाणी चढेना. आम्ही टँकरवाल्यांना पुन्हा फोन करायला लागलो. मला तो रकाना आठवला.

पुढच्या मंगळवारी दोघंही पडद्यावर घुम्म बसले होते. मी आभार मानून झाले, आशा व्यक्त करून झाली. मग काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "बरं, आमचे जुने सर तुमची चौकशी करत होते."

दोघांनी एकदम मान वर केली. "काय म्हणत होता तो?"

"म्हणत होते, हा हिवाळा काही ते स्टेशन काढत नाही. थंडीत पंपाचा दट्ट्या अडकणार. ज्याने बांधलं त्याने थंडीचा विचारच केला नव्हता म्हणे."

त्यानंतर कितीतरी वेळ मला बोलायची गरज पडली नाही. आधी अलीकडचा सुरू झाला, मग पलीकडच्याने त्याला एक आणखी चांगली शिवी सुचवली. मग त्यांना आठवलं की थोरल्या साहेबांनी थंडीसाठी एक वेगळी सोय करून ठेवली होती, ती कुठे होती, कुणाला माहीत होती, आणि ती चालवायला पलीकडून पूर्ण वीज लागेल आणि अलीकडे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा लागेल. दोन दिवसांनी वरच्या मजल्यांवर पाणी चढलं. इतिवृत्तात मी लिहिलं, "चर्चा मोकळ्या वातावरणात झाली."

संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी घासता घासता फोन स्पीकरवर टाकून मी सरांना सगळं सांगितलं.

"दट्ट्याचं मी कधी म्हणालो?" सरांनी विचारलं.

"नाही म्हणालात. मीच बनवलं."

"दट्ट्या अडकत नाही. खोटं बोलायचं तर खरं वाटेल असं बोलावं. पुढच्या मंगळवारी सांग, उपशाची नळी बसवली तेव्हा तुमचा साहेब झोपला होता. ते खरं आहे. त्याच्या पुढच्या मंगळवारचं तुला उद्या पाठवतो." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "आणि हे काय ऐकू येतंय मला? इतका वेळ कशाला सोडलाय? आधी तो नळ बंद कर बे!"

मी नळ बंद केला.